आमच्या खाडीचे रक्तसाक्षी

उत्तनच्या मुलांना रक्तसाक्षी म्हटलं की रोमचे सिंह आठवतात. धर्मशिक्षणाच्या वर्गात मी त्यांना आधी चौकच्या टोकावर नेते आणि खाडीपलीकडे बघायला सांगते. समोर वसईचा किल्ला दिसतो. त्याच वसईत वाढलेल्या एका मुलाला १५९७ साली जपानमध्ये क्रुसावर मारलं. भारतात जन्मलेले पहिले संत म्हणून आपण ज्यांचं नाव घेतो ते संत गोन्सालो गार्सिया हेच. त्या काळी आमचं उत्तन, डोंगरी, भाईंदर हे सगळं वसईच्याच कारभाराखाली होतं, म्हणून मी त्यांना आमच्याच खाडीचे समजते.

जन्म १५५६च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, आई इथली. किल्ल्यातल्या येशूसंघीय पाद्रींकडे ते शिकले आणि मिसरूडही फुटलं नसेल अशा वयात त्यांच्याबरोबर जपानला गेले. तिथली भाषा त्यांनी तिथल्या माणसासारखी उचलली आणि काही वर्षं धर्मशिक्षक म्हणून काम केलं. येशूसंघात यायची त्यांची फार इच्छा होती, पण संघाने त्यांना घेतलं नाही. मग ते व्यापारात पडले, त्यात चांगला जम बसला. इथे थांबले असते तर कुणी नावं ठेवली नसती. त्यांनी मात्र चालता धंदा सोडला, मनिला गाठलं आणि फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू म्हणून दाखल झाले. पाद्री ते कधीच नव्हते. मिस्सा अर्पण करायचा अधिकार नसलेला हा माणूस होता, आणि मला त्यांच्या आयुष्यातली ही गोष्ट सर्वात मोठी वाटते.

१५९३मध्ये मनिलाहून फ्रान्सिस्कन पाद्री पीटर बॅप्टिस्ट यांचं शिष्टमंडळ जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या भेटीला गेलं, तेव्हा दुभाषी म्हणून गोन्सालो बरोबर होते. मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हुकूम हिदेयोशीने १५८७मध्येच काढला होता, पण तो पुरता अमलात आला नव्हता. फ्रान्सिस्कनांनी क्योतोत चर्च बांधलं, कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली. १५९६च्या ऑक्टोबरात ‘सान फेलिपे’ हे मालाने भरलेलं स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्यावर फुटलं. त्या मालावरून वाद पेटला, आधी मिशनरी येतात आणि मागून सैन्य येतं असा संशय बळावला, आणि डिसेंबरात गोन्सालोंसह अनेकांची धरपकड झाली.

क्योतोत प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापला. गाड्यांवर बसवून शहरात धिंड काढली आणि भर हिवाळ्यात नागासाकीपर्यंत नेलं. वाटेला जवळपास महिना लागला. निघाले तेव्हा चोवीस होते, वाटेत आणखी दोघे त्यांच्यात सामील झाले. सव्वीसांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि उरलेले सतरा साधे जपानी प्रापंचिक. लुईस इबाराकी फक्त बारा वर्षांचा होता. ५ फेब्रुवारी १५९७ला निशिझाका टेकडीवर त्यांना लोखंडी कड्यांनी आणि दोरांनी क्रुसांना जखडलं आणि भाल्यांनी भोसकलं. गोन्सालो तिथे पोचताच ‘हा क्रूस माझा का?’ असं विचारत पुढे झाले, अशी परंपरा आहे.

१८६२मध्ये पोप नववे पायस यांनी या सव्वीसांना संतपद दिलं. पण खरी कसोटी मागे राहिलेल्यांची होती. १६१४पासून जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर संपूर्ण बंदी आली. मरियेची किंवा प्रभूची प्रतिमा जमिनीवर ठेवून लोकांना तिच्यावर पाय द्यायला लावत. पाद्री उरला नाही. तरी गावोगावच्या बायाबापड्यांनी प्रार्थना आणि बाप्तिस्मा लपूनछपून मुलानातवंडांना दिला. १७ मार्च १८६५ला नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये उराकामीचे गावकरी आले आणि त्यांनी फ्रेंच पाद्रींना हळूच सांगितलं की आमचं मन तुमच्यासारखंच आहे. ते चर्च या सव्वीस रक्तसाक्षींनाच वाहिलेलं होतं. म्हणजे अडीचशे वर्षांनी ही माणसं आमच्या खाडीच्या संताच्या दारी उजेडात आली.

आमच्याकडे तसा छळ झाला नाही, हे मुलांना मी स्पष्ट सांगते. मराठ्यांनी पोर्तुगीजांवर काढलेल्या वसईच्या मोहिमेत आमच्या धारावी बेटावर मोठी झुंज झाली, मे १७३९मध्ये वसई मराठ्यांच्या हाती आली. चर्चच्या घंटा लुटीत गेल्या; भीमाशंकर आणि मेणवलीला त्या आजही पाहता येतात. युरोपी पाद्री बहुतेक निघून गेले. पण लोक राहिले, आणि देशी पाद्रींनी त्यांना सांभाळलं. १७६०मध्ये आंकेतिल द्यू पेराँ हा फ्रेंच प्रवासी साष्टीत आला, तेव्हा ख्रिस्ती लोक आपला सण उघडपणे साजरा करत होते. होड्या समुद्रात जात होत्या, वलांडीवर बोंबील सुकत होते, खुरसापुढे दिवा लागत होता.

आणखी एक गोष्ट मी लपवत नाही. ज्या पोर्तुगीजांनी इथे चर्च उभी केली, त्यांनीच देवळं पाडली आणि १५६०मध्ये गोव्यात इन्क्विझिशन बसवलं. आपल्या शेजाऱ्यांच्या पूर्वजांनी त्यापायी घरदार, गाव सोडलं. रक्तसाक्षींचा अभिमान बाळगायचा तर हेही पोटात घ्यावं लागतं.

म्हणून दृढीकरणाची तयारी करणाऱ्या मुलांना मी दोन गोष्टी सांगते. श्रद्धा टिकवायला झगा लागत नाही; गोन्सालो पाद्री नव्हते, उराकामीचे शेतकरीही नव्हते. आणि जिथे कुणाच्याही श्रद्धेवर, मग ती आपली असो वा शेजाऱ्याची, जबरदस्ती होत असेल, तिथे आपण कुणाच्या बाजूने उभं राहायचं, हे निशिझाकाच्या त्या क्रुसांनी आपल्यासाठी कायमचं ठरवून टाकलं आहे.