जुनेर ते दुपटे

गतवर्षी सहावीच्या वर्गात आम्ही 'बाळोते' या शब्दाचा अर्थ विचारला. एका मुलाने 'बलुते' समजून गावगाड्याची माहिती सांगितली. बाकी वर्ग स्तब्ध. 'दुपटे' दोघींना ठाऊक होते, 'जुनेर' कोणालाच नाही. शब्द जातो तेव्हा बहुधा त्याच्या आधीच वस्तू गेलेली असते. बेळगाव-निपाणी भागातून ती कशी गेली, हे पाहण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

दुपटे म्हणजे दुहेरी पट. नावच घडण सांगते. आमच्याकडे ते बाजारातून येत नसे, घरात वर्षानुवर्षे तयार होत असे. शहापूर, वडगाव, खासबाग येथील हातमागांवरचे किंवा इलकलहून आलेले सुती लुगडे प्रथम सणाला नेसावयाचे. मग ते रोजचे होई आणि अखेर शेतात किंवा तंबाखूच्या वखारीत जाई. शेकडो धुण्यांत त्याची खळ जाई, कापसाच्या तंतूवरील नैसर्गिक मेण जाई, वीण सैल पडे. कोरे मांजरपाट पाणी झटकून टाकते आणि जुनेर ते पिऊन घेते, याचे कारण हेच. बाळाच्या अंगाला प्रथम जुन्याचेच वस्त्र लावावे, ही रूढी म्हणूनच आम्ही केवळ भाबडी मानीत नाही. विरलेला भाग सोडून एका नऊवारीतून सातआठ दुपटी निघत. लंगोटांना धोतर अधिक मऊ. त्यांतूनही जे फाटे ते वाकळेच्या थरात जाई. शेजारच्या कन्नड घरी वाकळेला कौदी म्हणत आणि आमच्या कुंचीला कुंचिगे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. दोरीवरची दुपटी मात्र कोणत्या भाषेची, हे कोणासही ओळखता आले नसते.

लंगोटही फार लागत नसत. आजी पाय जुळवून बसे, बाळाला पावलांवर घेई आणि ओठांनी 'शूऽ' असा आवाज करी. काही महिन्यांतच बाळाला ती खूण कळे. बाळोती थंड पाण्यात भिजत, मग रिठ्याच्या किंवा राखेच्या पाण्यात उकळत आणि उन्हात वाळत. बेळगावच्या आषाढात ऊन कोठले? तेव्हा शेगडीवर बुट्टी पालथी घालून तीवर ती पसरीत. निखाऱ्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकीत. तो वास आम्हांस अद्याप आठवतो.

परंतु हे चित्र येथेच सोडणे अप्रामाणिकपणाचे होईल. ती बाळोती धूत कोण असे? निपाणीच्या वखारीत राबणारी बाई पहाटे उठून धूत असे, नाहीतर थोरली मुलगी शाळा बुडवून धूत असे. आमच्या वर्गातल्या अशा दोघी आम्हांस आठवतात. चौथीनंतर त्या दिसल्या नाहीत. ओला लंगोट वेळेवर न बदलल्यास कातडी सोलून निघे, तेही खरेच.

जुनेराचा ऱ्हास दुकानातील डायपरने केला, असे सर्रास म्हटले जाते. आमच्या मते तो त्यापूर्वीच झाला होता. आमच्या बालपणी, म्हणजे १९७० नंतरच्या दशकात, नायलॉन आणि टेरिलीनची पातळे घरोघर आली. ती धुण्यास हलकी व टिकाऊ होती, आणि बायकांनी ती पत्करली यात गैर काही नव्हते. पण ती कितीही जुनी झाली तरी त्यांचे जुनेर होत नसे. ती पाणी शोषीत नसत. मूळ झरा आटला तो येथे. अमेरिकेत १९६१ साली पॅम्पर्स बाजारात आले होते. पुढे त्यांत सोडियम पॉलिअॅक्रिलेटची शोषक भुकटी आली आणि असे डायपर आमच्या भागात पोचले तेव्हा ती जागा रिकामीच होती. आता ते बेळगावच्या कचऱ्यातून तुरमुरीच्या वाटेला लागतात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ते वेगळे गुंडाळून देण्यास सांगितले. किती घरांनी मानले, हे सकाळी गल्लीतून फिरणाऱ्यास सांगावयास नको.

तथापि कापड म्हणजे आपोआप निर्दोष, असेही नव्हे. ब्रिटनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी अभ्यासात दोन्ही प्रकारांचा हवामानावरील भार जवळपास सारखाच निघाला. मात्र कापडी लंगोट यंत्रात भरपूर एकत्र धुतले, बाहेर दोरीवर वाळविले आणि दुसऱ्या अपत्यालाही वापरले, तर तो सुमारे ४० टक्क्यांनी घटत होता. दोरी आणि धाकटे भावंड, ही आमच्या आजीचीच व्यवस्था!

यंदा आमच्या कन्येला मुलगा झाला. ती नोकरी करते. रात्री डायपर आणि दिवसा दुपटे, असे तिने ठरविले. दुपट्यांसाठी घरातील कपाटे उपसली, तर सारी पातळे कृत्रिम धाग्याची. अखेर ट्रंकेच्या तळाशी आमच्या आईचे एक इरकली लुगडे सापडले. ते कापू नये, असे आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे पडले. कन्येने कात्री घेतली, काठ व पदर तेवढा आईच्या हाती दिला. सहा दुपटी निघाली. धुण्याचे काम आमच्याकडे आहे.