पिंवळें भिंग आणि नेवाशाचा कोळसा

नेवाशास जाणारा मनुष्य बहुधा दोन कारणांनीं जातो. एक, ज्या खांबास टेकून ज्ञानेश्वरांनीं शके १२१२ मध्यें गीतेवरील आपली टीका सांगितली असें परंपरा मानते, तो पैसाचा खांब पाहावा म्हणून. आणि दुसरें, मोहिनीराजाचें दर्शन घडावें म्हणून. प्रवरेच्या कांठीं लाडमोड नांवाचें जें मातीचें टेकाड आहे, तिकडे वाट वांकडी करून जाणारे थोडे. आम्ही अलीकडे नेवाशास गेलों तें मात्र या तिहींपैकीं कोणत्याच कारणासाठीं नव्हे. आम्हांस तेथें एका पिंवळ्या पडलेल्या भिंगानें नेलें. तें भिंग पाहून परततांना लाडमोडाचीच आठवण कां झाली, हें या लेखाच्या ओघांत वाचकांच्या ध्यानीं येईल.

ज्यांनीं बोलाविलें ते आमचे वृद्ध स्नेही एके काळीं फोटोग्राफीचा धंदा करीत. त्यांचा जपानी कॅमेरा केव्हांच निकामी झाला. पन्नास मिलिमीटरचें ‘सुपर टाकुमार’ भिंग तेवढें त्यांनीं ट्रंकेंत जपून ठेविलें होतें. त्याची कांच फिक्या चहाच्या रंगाची झाली होती. घरांतील नातू तें डोळ्याशीं धरून अंगणांतल्या मुंग्या पाहत बसे. अशांत कोणीसें सांगितलें कीं, या जातीच्या भिंगांत किरणोत्सर्गी द्रव्य असतें. सूनबाई घाबरल्या. “मामा, तेवढें प्रवरेंत सोडून द्या,” असा त्यांचा आग्रह, आणि “ज्या भिंगानें निम्म्या गांवाचीं लग्नें टिपलीं, तें विष म्हणून नदींत कसें टाकूं?” असा सासऱ्यांचा प्रश्न. दोघांचेंही म्हणणें मनास पटण्यासारखें होतें. निवाडा करावयाचा तर आधीं पुरावा पाहिजे. आणि पुराव्याचें साधन म्हणून घरांत होता तो एक स्मार्टफोन.

परंतु त्या प्रयोगाकडे वळण्यापूर्वीं हें द्रव्य भिंगांत शिरलें कसें, तें सांगितलें पाहिजे. त्याचें नांव थोरियम. स्वीडनच्या बर्झेलियसनें तें १८२८ सालीं ओळखलें, आणि पुढें साठ वर्षें त्याचा कोणास फारसा उपयोग सुचला नाहीं. १८८५ च्या सुमारास ऑस्ट्रियांतील कार्ल आउएर यानें दिव्यावर बसविण्याची जाळी काढली. थोडे प्रयोग झाल्यावर असें ठरलें कीं, शंभरांत नव्याण्णव भाग थोरियमचें भस्म व एक भाग सीरियमचें भस्म घेतलें असतां ती जाळी ज्योतीवर तापून शुभ्र प्रकाश देते. हीच आपल्या गॅसबत्तीची मँटल. आमच्या पिढीनें वराती, जत्रा, तमाशे आणि रात्रीचीं कीर्तनें पाहिलीं तीं याच प्रकाशांत. या जाळ्यांच्या पायीं थोरियमला एकाएकीं मोल आलें. आणि १९०९ मध्यें त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील वाळूंत मोनाझाइट नांवाचें थोरियमयुक्त खनिज आढळतांच ती वाळू जहाजें भरभरून परदेशीं जाऊं लागली. स्वराज्य आल्यावर हा ओघ आटोक्यांत आणण्यांत आला. १९५० सालीं ‘इंडियन रेअर अर्थ्स’ ही सरकारी कंपनी निघाली, आळवे येथें वाळूवर प्रक्रिया करणारा कारखाना उभा राहिला, आणि १९५५ पासून मुंबईजवळ तुर्भ्यास थोरियम शुद्ध करण्याचें काम चालूं झालें. तेथें तयार होणारें थोरियम नायट्रेट कांहीं अंशीं आपल्याच देशांतील मँटलच्या धंद्यास पुरविलें जात असे.

भिंगांत हेंच थोरियम निराळ्या गुणासाठीं आलें. चांगल्या भिंगाच्या कांचेकडून दोन गोष्टींची अपेक्षा असते: तिनें प्रकाशकिरण पुष्कळसा वांकवावा, पण वांकवितांना त्याचे रंग एकमेकांपासून फारसे फांकूं देऊं नयेत. साध्या कांचेंत हे दोन गुण एकत्र नांदत नाहींत; एक वाढविला कीं दुसरा बिघडतो. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत अमेरिकेंत जॉर्ज मोरी यानें लँथनम, थोरियम इत्यादि धातूंचीं भस्में घालून जी नवी कांच सिद्ध केली, तिच्यांत ही अडचण बऱ्याच अंशीं दूर झाली. दुसऱ्या महायुद्धांत विमानांतून टेहळणीचीं छायाचित्रें घेणाऱ्या कोडॅक कंपनीच्या ‘एरो-एक्टार’ भिंगांत हीच कांच होती. युद्धानंतर जपानी व इतर कारखानदारांनीं आपल्या निवडक भिंगांत ती वापरली. थोरियमचें प्रमाण कांहीं कांचांत वजनाच्या शंभरांत तीस भागांपर्यंत असे. पुढें किरणोत्सर्गाची चिंता वाढली आणि थोरियमवांचूनही तितकीच चांगली कांच करतां येऊं लागली. तेव्हां ही जात मागें पडली. अर्थात् जुनें भिंग दिसलें कीं तें किरणोत्सर्गीच असेल, असें समजणें चूक होय. बहुसंख्य जुनीं भिंगें निर्दोष आहेत.

आमच्या स्नेह्यांच्या मनांत आणखी एक शंका होती: कांच पिंवळी कां पडली? त्याचें कारण तें थोरियमच. त्यांतून अखंड सुटणारे कण कांचेच्या अणुरचनेंत लहान लहान दोष उत्पन्न करतात आणि ते दोष निळा प्रकाश शोषून घेतात. कांहीं आठवडे ऊन किंवा जंबूपार प्रकाश दिला असतां हा रंग बराचसा उतरतो. परंतु पिंवळेपणा गेला म्हणून थोरियम जात नाहीं. त्याचें अर्धायुष्य सुमारें १,४०५ कोटि वर्षांचें. पृथ्वीच्या वयाहून तें तिप्पट भरतें. उलट, शुद्ध केलेल्या थोरियमपासून उत्पन्न होणारीं अल्पायुषी द्रव्यें सांठत जाऊन त्यांचा पूर्ण मेळ बसण्यास कांहीं दशकें लागतात, म्हणून असें भिंग तरुणपणापेक्षां प्रौढपणीं अधिक किरणोत्सर्गी असतें.

आतां प्रयोग. स्मार्टफोनच्या कॅमेऱ्यांत सिलिकनची एक चिमुकली पट्टी असते. प्रकाश पडला कीं तिच्या कणाकणांत विद्युत्‌भार सुटतो व त्याचें चित्र बनतें. पण हा भार केवळ प्रकाशानेंच सुटतो असें नाहीं. किरणोत्सर्गी द्रव्यांतून निघालेला बीटा कण किंवा गॅमा किरण त्या पट्टींत घुसला तरी सुटतो. म्हणून कॅमेऱ्याच्या तोंडावर काळी चिकटपट्टी लावून संपूर्ण अंधार केला, तरी मधूनच एखादा पांढरा ठिपका चमकून जातो. हे ठिपके मोजणारे कार्यक्रम फोनवर मिळतात.

मोजणी सोपी वाटते, पण फसगत होण्याच्या वाटाही पुष्कळ आहेत. फोन तापला कीं त्या पट्टींत आपोआप खोटे ठिपके उठूं लागतात. आणि नेवाशाचा उन्हाळा काय असतो, तें नगर जिल्ह्याच्या वाचकांस सांगावयास नको. म्हणून आम्हीं रात्रीं, गच्चीवर वारा लागल्यानंतर आरंभ केला. प्रथम अर्धा तास कांहीं न ठेवतां मोजलें. नंतर अर्धा तास भिंगाची मागची बाजू कॅमेऱ्यावर टेकवून मोजलें, कारण थोरियमची कांच त्या अंगास असते. मग त्याच्या जागीं दुसरें एक साधें भिंग ठेवलें. आणि शेवटीं पुन्हा कांहीं न ठेवतां मोजलें. टाकुमार ठेवलें असतां ठिपके कित्येक पटींनीं वाढले. तें काढतांच पूर्वपदावर आले. साध्या भिंगानें कांहींच फरक पडला नाहीं. एवढ्यावरून भिंग किरणोत्सर्गी आहे हें ठरलें. किती धोक्याचें आहे, हें मात्र ठरलें नाहीं. ज्ञात द्रव्याशीं ताडून पाहिल्यावांचून फोन मात्रा सांगूं शकत नाहीं, आणि दुर्बळ द्रव्य असेल तर तो मुकाच राहतो. तो साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

या प्रयोगांत आम्हांस अधिक मोलाचा वाटला तो पहिला अर्धा तास. कांहीं न ठेवतां जे ठिपके आले, ते कोठून आले? थोडे आकाशांतून, थोडे जमिनींतून व भिंतींतून, थोडे फोनच्या स्वतःच्या दोषांतून. जग कधींच पूर्ण निःशब्द नसतें. दख्खनचा काळा फत्तर या बाबतींत पुष्कळ शांत आहे, केरळच्या मोनाझाइटी किनाऱ्यावर हीच पार्श्वभूमि कितीतरी मोठी भरते. पण शून्य कोठेंच नाहीं. ‘कांहीं नसतांना किती?’ हें ज्यानें मोजलें नाहीं, त्यास ‘असतांना किती?’ हा प्रश्न विचारण्याचा अधिकार नाहीं.

इतिहासाची गंमत अशी कीं, किरणोत्सर्गाचा शोध लागला तोही छायाचित्राच्या सामग्रीनेंच. १८९६ च्या फेब्रुवारींत पॅरिस येथें बेकेरेल हा काळ्या कागदांत गुंडाळलेल्या फोटोच्या कांचेवर युरेनियमचे क्षार ठेवून, उन्हानें त्यांतून कांहीं किरण निघतात कीं काय, तें पाहत होता. आकाश ढगाळलें, म्हणून त्यानें सारी सामग्री खणांत ठेवून दिली. १ मार्च रोजीं त्यानें ती कांच धुतली, तों उन्हावांचूनच तिच्यावर क्षारांची छाया स्पष्ट उमटलेली. दोन वर्षांनीं, १८९८ मध्यें, श्मिट व मारी क्यूरी या दोघांनीं स्वतंत्रपणें थोरियमचाही हाच गुण उघड केला. जें अंधारांत ठेवलेल्या कांचेनें तेव्हां पकडलें, तेंच अंधारांत ठेवलेला फोनचा कॅमेरा आज पकडतो.

आणि येथेंच लाडमोडाची आठवण होते. १९५४ ते १९५६ या काळांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीनें डॉ. हंसमुख सांकळिया व त्यांचे सहकारी यांनीं तें टेकाड खणलें. वरच्या थरांत मुसलमानी व मराठी अंमलाच्या खुणा, त्याखालीं सातवाहनांचा काळ व त्यांत रोमशीं चाललेल्या व्यापाराचे अवशेष, आणि सर्वांत खालीं ताम्रपाषाणयुगांतील वस्ती. त्या वस्तींतले लोक आपलीं दगावलेलीं मुलें मडक्यांत ठेवून घराच्या जमिनीखालींच पुरीत. अशाच एका मुलाच्या गळ्यांत तांब्याच्या मण्यांची माळ सांपडली. तिच्यांतला धागा धातूच्या सान्निध्यानें टिकून राहिला होता. ही माया किती जुनी? थरांवरून व मडक्यांवरून अनुमान होत असे. पण वर्षांचा आंकडा मिळाला तो कोळशावरून.

१९४९ मध्यें शिकागोच्या लिबीनें दाखवून दिलें कीं, सजीवांत किरणोत्सर्गी कार्बन असतो आणि मृत्यूनंतर तो ठराविक गतीनें, सुमारें ५,७३० वर्षांत निम्मा, याप्रमाणें घटत जातो. ताज्या कार्बनच्या एका ग्रॅमांत मिनिटास सुमारें १४ स्फुरणें होतात. नेवाशाच्या जळक्या द्रव्यांत तीं ९ च्या आसपास उरतात. या पांचांच्या फरकावर नेवाशाचें वय उभें आहे: सुमारें ३,२०० वर्षें. मोजणी अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत व पुढें मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत झाली. एवढीं क्षीण स्फुरणें पकडतांना यंत्राभोंवतीं लोखंडाचें कवच घालावें लागतें, आकाशांतून येणारे कण वेगळे काढावे लागतात, आणि रिकाम्या यंत्राची मोजणी वजा करावी लागते. म्हणजे आम्हीं गच्चीवर ओबडधोबडपणें जें केलें, तेंच तेथें पराकाष्ठेच्या काळजीनें केलें गेलें.

असो. निवाडा असा झाला. भिंग नदींत टाकूं नये. नदीस त्याचा उपयोग नाहीं, आणि तेथें तें फुटून त्याचा चुरा कोणाच्या हातीं लागेल, तें सांगतां येत नाहीं. त्याची कांच फोडूं अगर घांसूं नये, कारण थोरियमची खरी भीति तो पोटांत किंवा फुप्फुसांत गेला तर आहे. कपाटांत, दोन हातांवर, तें निरुपद्रवी पडून राहील. पण मुलाच्या डोळ्याशीं तें रोज लागूं नये. सूनबाईंची भीति या एका बाबतींत सर्वस्वीं खरी होती, आणि सासऱ्यांनींही ती मोकळेपणानें मान्य केली. दुसऱ्या दिवशीं बाजारांतून नातवासाठीं एक साधें भिंग आलें. मुंग्या त्यांतूनही तितक्याच मोठ्या दिसल्या.

निघतांना स्नेह्यांनीं जुने फोटो दाखविले. एका वरातीच्या फोटोंत नवरदेवाच्या घोड्यामागें डोक्यावर गॅसबत्ती घेतलेला एक मनुष्य उभा होता. त्या बत्तीच्या जाळींतही थोरियम आणि ज्या भिंगानें तो फोटो टिपला, त्यांतही थोरियम. दोहोंनीं मिळून एका घरचा आनंद पकडून ठेविला होता. लाडमोडाखालच्या मायबापांस असें कांहीं साधन नव्हतें. त्यांनीं मुलाच्या गळ्यांत माळ घातली आणि चुलींत कोळसा मागें ठेविला. त्या कोळशानें त्यांची साक्ष तीन हजार वर्षें राखली. या भिंगाची साक्ष त्याहून पुष्कळ अधिक काळ टिकेल. ती ऐकण्यास मात्र आधीं अंधार करून, कांहीं न ठेवतां, स्वस्थपणें मोजण्याची संवय लागेल.