द्रवाच्या अंतरंगाचा शोध : जॉन डेस्मंड बर्नाल

पेल्यांतील पाण्याइतकी परिचित वस्तु दुसरी नाहीं. परंतु त्याच्या अंतरंगाची रचना कशी, या प्रश्नापाशीं पदार्थविज्ञान बराच काळ अडून राहिलें होतें. स्फटिकांत अणूंच्या नियमित रांगा असतात, वायूंत रेणु स्वैर धांवतात. द्रव या दोहोंपैकीं कोणत्याच पंक्तींत बसत नाहीं. या प्रश्नाकडे पुनःपुन्हा वळणारे शास्त्रज्ञ म्हणजे जॉन डेस्मंड बर्नाल.

त्यांचा जन्म १९०१ सालीं आयर्लंडांतील नीना या गांवीं झाला. केंब्रिजचें शिक्षण संपवून ते लंडनास सर विल्यम ब्रॅग यांच्या प्रयोगशाळेंत गेले, आणि १९२४ सालीं क्ष-किरणांच्या साहाय्यानें त्यांनीं ग्रॅफाइटची रचना उलगडली. १९३२ सालीं मॉस्कोच्या विमानतळावर धुक्यामुळें खोळंबा झाला असतां, सहप्रवासी राल्फ फाउलर यांच्याशीं पाण्याविषयीं बोलणें निघालें. त्यांतूनच पुढील वर्षीं दोघांचा प्रसिद्ध निबंध जन्मास आला. पाण्याचा रेणु चार शेजाऱ्यांशीं चतुष्फलकाच्या रीतीनें बांधलेला असतो, असें त्यांनीं दाखविलें. तथापि द्रव म्हणजे ढिला पडलेला स्फटिक, हीच दृष्टि त्यामागें होती.

१९३८ सालीं ते लंडनच्या बर्कबेक कॉलेजांत प्राध्यापक झाले. मागोमाग महायुद्ध आलें, आणि नॉर्मंडीच्या किनाऱ्यांच्या अभ्यासांत ते गुंतले. साठीच्या सुमारास ते मूळ प्रश्नाकडे परतले, तेव्हां जुनी दृष्टि त्यांनीं स्वतःच दूर सारली. चेंडू लहानमोठ्या काड्यांनीं जोडून त्यांनीं द्रवाची प्रतिकृति रचली. तीहि आपल्या कचेरींत, दर पांच मिनिटांनीं कोणी व्यत्यय आणीत असतां, मागें काय केलें याची आठवण न ठेवतां! नकळत हातून नियम शिरूं नये, एवढ्यासाठींच ही युक्ति. पुढें पोलादी गोळ्या वेड्यावांकड्या दाबून पाहिल्या, तेव्हां त्यांनीं शंभरांतील सुमारें ६४ भाग जागा व्यापली. स्फटिकासारख्या रचल्यास त्या ७४ भाग व्यापतात. अशा राशींत पंचकोनी आकृति वारंवार आढळल्या, आणि पंचकोनांच्या पुनरावृत्तीनें साधा स्फटिक घडत नाहीं. सारांश, द्रवाच्या अव्यवस्थेला स्वतःची भूमिति आहे. आर्गॉनसारख्या साध्या द्रवांना हें चित्र चांगलें लागू पडतें. पाण्याचे बंध अधिक गुंतागुंतीचे. १९६२ च्या बेकेरियन व्याख्यानांत त्यांनीं हा विचार रॉयल सोसायटीपुढें मांडला.

१९६३ सालीं त्यांना पक्षाघात झाला. १९७१ सालीं ते निवर्तले. त्यांचे शिष्य मॅक्स पेरूट्झ यांना १९६२ सालीं व डोरोथी हॉजकिन यांना १९६४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. गुरूंस तें लाभलें नाहीं. परंतु ज्या स्फटिकांनीं कीर्ति दिली, त्यांचेंच माप द्रवाला लावण्याचें त्यांनीं उतारवयांत नाकारलें. एवढें धैर्य विद्वानांतहि विरळा आढळतें.