डोंगर, दरी आणि खेडे

१९३६ साली रुमानियात खेड्याचा शोध दोन वाटांनी घेतला गेला. समाजशास्त्रज्ञ दिमित्रिए गुस्ती यांनी खेड्यांतली घरे उकलून राजधानी बुखारेस्टमधील ग्रामसंग्रहालयात पुन्हा उभारली. त्याच वर्षी कवी व तत्त्वज्ञ लुचियान ब्लागा यांनी आपल्या ग्रंथात निराळा विचार मांडला. चढ-उतारांची अखंड आवर्तने हीच रुमानियन मनाची लय होय, असे सांगून मेंढपाळांच्या ‘मिओरित्सा’ या लोकगीतावरून त्यांनी त्या भूमीला नाव दिले.

१९८८ मध्ये चाउशेस्कू यांनी सुमारे १३,००० खेड्यांपैकी निम्मी पुसून टाकण्याची योजना रेटली. डिसेंबर १९८९ मध्ये त्यांची सत्ता कोसळली आणि ती बारगळली. ती तडीस जाती, तर संग्रहालयातली घरे तेवढी उरली असती. त्यांच्या मूळ अंगणातून दिसणारा डोंगर मात्र गावाविना पोरका झाला असता.