मैमूनाचा दगड आणि एका बेटाची भाषा

भूमध्य समुद्रात, सिसिलीच्या दक्षिणेला, माल्टा नावाचा एक चिमुकला देश आहे. सगळी बेटं मिळून त्याचं क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर. आमच्या दौंड तालुक्यात असे तीन माल्टा सहज बसतील. लोक बहुतांशी कॅथलिक ख्रिस्ती. देशाच्या घटनेतच रोमन कॅथलिक हा राज्यधर्म म्हणून नोंदलेला आहे. पण या देशाची भाषा अरबीच्या पोटातून जन्मलेली आहे, आणि चर्चमध्ये प्रार्थना करताना हे लोक देवाला ‘अल्ला’ म्हणतात.

ही गोष्ट पुस्तकात वाचली होती. भाचा नोकरीनिमित्त माल्टात आहे, त्याच्याकडे गेलो तेव्हा ती कानांनी ऐकली. आज तिच्याविषयी लिहितोय, कारण माझ्यासारख्या मराठी मुसलमानाला आयुष्यभर दोन प्रश्न चिकटलेले असतात. पुण्याला एखाद्या कार्यक्रमात बोलून खाली उतरलं की कुणीतरी कौतुकाने विचारतं, ‘‘तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?’’ आणि आपल्याच नात्यातला कुणी वडीलधारा म्हणतो, ‘‘बेटा, एवढं लिहितोस तर उर्दूत लिही ना, मराठीत कशाला?’’ दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच समजूत आहे, की भाषेला धर्म असतो. माल्टाच्या इतिहासाकडे मी त्या समजुतीची तपासणी म्हणून पाहतो.

जीपमधून दिसलेलं बेट

माल्टाच्या मुख्य बेटाशेजारी गोझो नावाचं दुसरं बेट आहे, ६७ चौरस किलोमीटरचं. स्थानिक लोक त्याला औदेश म्हणतात. मुख्य बेटावरून फेरीबोटीने पंचवीसेक मिनिटांत म्जार बंदरात पोचता येतं. तिथे पर्यटकांना घेऊन फिरणाऱ्या उघड्या जीप असतात. आमच्याकडच्या वडापसारखीच दाटीवाटी, फक्त टप नसतो आणि ड्रायव्हरच गाईड असतो. आमचा गाईड साठीच्या घरातला, गोझोतच जन्मलेला शेतकऱ्याचा मुलगा होता.

रस्त्यावरच्या पाट्या वाचत गेलो तेव्हा कुतूहल वाढत गेलं. बेटाच्या मुख्य गावाचं नाव रबात. इंग्रजांनी १८८७ मध्ये राणीच्या नावाने त्याचं व्हिक्टोरिया केलं, पण लोकांच्या तोंडी रबातच आहे. पश्चिमेच्या टोकाच्या गावाचं नाव आर्ब, अरबीतल्या ‘गर्ब’ म्हणजे पश्चिमेवरून. तांबड्या वाळूच्या किनाऱ्याचं नाव रमला इल-हमरा, म्हणजे सरळ अरबीत ‘तांबडी वाळू’. मुख्य बेटावरची जुनी राजधानी म्दीना, आणि बंदराजवळचा भाग मार्सा, म्हणजे जहाजं नांगरण्याची जागा.

मग जीप शेतांमधून निघाली. दगडी बांध, छोटे तुकडे, पाण्याची ओढ. अवर्षणाच्या पट्ट्यातल्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटतं. गाईड सांगत होता की उन्हाळ्यात रान करपून जातं, पहिला पाऊस ‘हरीफा’त येतो आणि ‘रेब्बीया’त सगळं हिरवं होतं. मी जीप थांबेपर्यंत दम धरला आणि मग त्याला ते दोन्ही शब्द पुन्हा म्हणायला लावले. हरीफा म्हणजे शरद, रेब्बीया म्हणजे वसंत. हे आपले खरीप आणि रब्बी. अरबीतले खरीफ आणि रबी हे ऋतू एकीकडे दख्खनच्या महसुली दप्तरात शिरले आणि यवतच्या शेतकऱ्याच्या तोंडी बसले. दुसरीकडे तेच ऋतू एका कॅथलिक बेटावर पेरणी-कापणीचे शब्द होऊन राहिले. आमच्या गावातला कुठलाही माळकरी ‘रब्बीची ज्वारी’ म्हणताना आपण अरबी बोलतोय असं समजत नाही, आणि त्याने तसं समजण्याचं काही कारणही नाही. तो मराठीच बोलत असतो.

मी त्याला आठवड्याचे वार विचारले. शुक्रवारला ते ‘इल-जिमा’ म्हणतात. जुम्मा! ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या ख्रिस्ती उपवासकाळाला ‘रान्दान’ म्हणतात, आणि हा शब्द रमजानवरून आला आहे. खुद्द ईस्टरच्या सणाला ‘ऐद’. दुनियेला ते ‘दिन्या’ म्हणतात, सैतानाला ‘शितान’. कबरीसाठीही आपलाच शब्द आहे, फक्त त्यांच्या उच्चारात सुरुवातीचा ‘क’ घशातच विरतो. शब्दसंग्रहाचा जवळपास निम्मा भाग सिसिलियन आणि इटालियनमधून आलेला, लिपी रोमन. पण व्याकरणाचा सांगाडा आणि घर, शेत, पाणी, जन्म, मृत्यू यांचे शब्द बहुतेक अरबीच.

मैमूना बिंत हसन

पिरॅमिडपेक्षा जुनी असलेली ज्गांतियाची पाषाणमंदिरं पाहून जीप रबातच्या किल्ल्यापाशी आली. किल्ल्यातल्या पुराणवस्तू संग्रहालयात एक संगमरवरी शिळा आहे. तिच्या मागच्या बाजूला रोमन काळातलं कोरीवकाम आहे, पुढच्या बाजूला कूफी लिपीतला अरबी लेख. हा मैमूना नावाच्या मुलीचा कबरीवरचा दगड. वडिलांचं नाव हसन, आजोबांचं अली. मृत्यूची तारीख १६ शाबान हिजरी ५६९, म्हणजे २१ मार्च ११७४. लेखात ती स्वतःच कबरीसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाशी बोलते आणि आपली दशा पाहून धडा घे असं सांगते. मी काचेसमोर उभं राहून फातिहा पढलो.

या तारखेचं महत्त्व इतिहास पाहिल्यावर कळतं. इ.स. ८७० मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या अगलबी राजवटीच्या सैन्याने माल्टा जिंकलं. अरब लेखक अल्-हिमयारी सांगतो की त्या लढाईनंतर बेट दीर्घकाळ ओसाड पडलं आणि हिजरी ४४० च्या सुमारास, म्हणजे १०४८-४९ मध्ये, मुसलमानांनी ते पुन्हा वसवलं. १०९१ मध्ये नॉर्मन सरदार रॉजरने बेटावर चाल केली आणि ११२७ मध्ये त्याचा मुलगा दुसरा रॉजर याने ते पक्कं ताब्यात घेतलं. म्हणजे मैमूना वारली तेव्हा गोझोवर ख्रिस्ती राज्य येऊन जवळपास अर्धं शतक झालं होतं. तरी तिच्या घरच्यांना दगडावर कुराणाच्या भाषेत लिहिता येत होतं, हिजरी तारीख घालता येत होती. राज्य बदललं म्हणून लोक एका रात्रीत बदलत नाहीत.

पुढे मात्र बदलले. तेराव्या शतकात सम्राट दुसरा फ्रेडरिक याच्या काळात सिसिलीतले मुसलमान इटलीतल्या लुचेरा इथे हाकलले गेले. माल्टातले काही गेले, बाकीचे ख्रिस्ती झाले. मशिदी गेल्या, नावं गेली, लिपी गेली. भाषा राहिली. मौलवी, काझी, कातिब यांपैकी कुणीच उरलं नसताना ती आयांनी मुलांना दिली, नांगरणाऱ्याने बैलाला हाकताना दिली. सुमारे १४७० च्या दशकात पिएत्रु काशारू या माणसाने लिहिलेली ‘कांतिलेना’ ही माल्टीतली सगळ्यात जुनी उपलब्ध रचना. ती लिहिणारा ख्रिस्ती होता.

दोन्हीकडचे हिशेब

इथपर्यंतचा इतिहास मुस्लीम वाचकाला सुखावणारा आहे. पण त्याच किल्ल्यात दुसराही इतिहास आहे आणि तो वगळून लिहिणं बेइमानी होईल. जुलै १५५१ मध्ये सिनान पाशा आणि तुर्गुत रईस यांच्या उस्मानी आरमाराने हा किल्ला घेतला आणि बेटावरची सुमारे पाच हजार माणसं गुलाम करून त्रिपोलीला नेली. जवळजवळ अख्खं बेट रिकामं झालं. गाईड हे सांगत असताना त्याच्या आवाजात राग नव्हता. मी मुसलमान आहे हे त्याला ठाऊक होतं, तरी त्याने तपशील मवाळ केला नाही. मला ते आवडलं.

पुढे माल्टावर राज्य करणाऱ्या ख्रिस्ती सरदारांच्या संघटनेनेही मुसलमान गुलाम पकडून आणले, त्यांना गल्बतांवर वल्ही मारायला बसवलं, व्हॅलेटा शहरात त्यांच्यासाठी तुरुंग बांधला. ही गुलामी १७९८ मध्ये नेपोलियन आला तेव्हा संपली. त्या काळात माल्टी मालक आणि मगरिबी गुलाम एकमेकांचं बोलणं बऱ्यापैकी समजू शकत असतील, हा विचार मला अस्वस्थ करतो. भाषा एक असली म्हणजे माणुसकी येतेच असं नाही.

अशा शेजाऱ्याशी रक्ताचं आणि भाषेचं नातं कबूल करणं माल्टी माणसाला जड गेलं, यात नवल नाही. अठराव्या शतकात गोझोचाच एक विद्वान पाद्री, आजिउस दे सोल्दानिस, याने १७५० मध्ये पुस्तक लिहून ही भाषा प्युनिक, म्हणजे फिनिशियनांच्या कार्थेजची, असल्याचं मांडलं. अरबांपेक्षा फिनिशियन पूर्वज बरे, कारण ते येशूच्या आधीचे आणि कुणाचेच शत्रू नव्हते. आमच्या गाईडलाही शाळेत हेच शिकवलं होतं. विसाव्या शतकात गॉडफ्री वेटिंगर या माल्टी इतिहासकाराने दप्तरं, गावांची नावं, शेतांची नावं, गुलामांच्या नोंदी उपसून काढल्या आणि अरब-मुस्लीम काळ हा माल्टाच्या घडणीचा पाया आहे हे पुराव्यानिशी दाखवलं. ‘कांतिलेना’ही त्याने आणि मिकिएल फ्सादनी या धर्मगुरूने १९६८ मध्ये प्रसिद्ध केली. हे काम करताना दोघांनाही आपला ख्रिस्ती धर्म सोडावा लागला नाही. १९३४ मध्ये माल्टी राजभाषा झाली, २००४ मध्ये युरोपीय संघाची अधिकृत भाषा. त्या संघातली ती एकमेव सेमिटिक भाषा आहे.

माल्टाचे कैदी

भारतीय मुसलमानांना माल्टा हे नाव मात्र वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. देवबंदचे मौलाना महमूद हसन यांना इंग्रजांविरुद्धच्या ‘रेशमी रुमाल’ कटाच्या संदर्भात हिजाजमध्ये पकडून १९१७ मध्ये माल्टाला युद्धकैदी म्हणून ठेवलं गेलं. सोबत त्यांचे शागीर्द मौलाना हुसैन अहमद मदनी होते. १९२० मध्ये सुटका होऊन ते मुंबई बंदरात उतरले. शेखुल हिंद त्याच वर्षी वारले. मदनींनी पुढे १९३८ मध्ये ‘मुत्तहिदा कौमियत और इस्लाम’ हे पुस्तक लिहून सांगितलं की या काळात कौम वतनावरून बनते, धर्मावरून नव्हे. त्यासाठी त्यांनी टीका सोसली, अल्लामा इकबालांशी त्यांचा वाद झाला.

मदनींचं वतनाविषयीचं म्हणणं मी भाषेलाही लावतो. भाषा ज्या मातीत राबते त्या मातीतल्या सगळ्यांची होते. यवतहून भीमा ओलांडली की श्रीगोंदा. तिथे सतराव्या शतकात शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. दक्षिणेला जेजुरी, तिथला शाहीर सगनभाऊ मुसलमान होता आणि त्याच्या लावण्या पेशवाईत गाजल्या. गोव्यात फादर स्टीफन्सने १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापलं, तेही रोमन लिपीत, पण मराठीत. १९९० मध्ये सोलापुरात पहिलं मुस्लीम मराठी साहित्य संमेलन भरलं, ते याच परंपरेच्या पुढच्या पानावर.

उलट बाजूही तितकीच खरी. शिवाजी महाराजांनी ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला, पुढे सावरकरांनी भाषाशुद्धीची मोहीम चालवली. त्यातून दिनांक, महापौर असे चांगले शब्द मराठीला मिळाले. पण माझ्या घरच्या पत्त्यात गाव यवत, तालुका दौंड, जिल्हा पुणे असंच आहे. तालुका आणि जिल्हा हे दोन्ही शब्द अरबी आहेत, आणि ते लिहिताना कुणाही मराठी माणसाच्या मराठीपणाला धक्का लागत नाही. मग मी मराठी लिहिताना माझ्या मुसलमानपणाला का लागावा?

आमच्या घरात दखनी बोलतात. शेतावर, शाळेत, बाजारात मराठी. पालखी यवतला मुक्कामाला असते तेव्हा वारकऱ्यांना पाणी देताना कुठली भाषा वापरायची हा प्रश्न आमच्या कुणाही आजोबांना पडला नाही. तो आता मुलांना पडू लागलाय, कारण बाहेरून कुणीतरी त्यांना सतत विचारत असतं. त्यांना मी माल्टाचं उदाहरण देतो. तिथला ख्रिस्ती माणूस अल्लाचं नाव घेऊन ईस्टर साजरा करतो आणि त्याचा धर्म शाबूत राहतो. आपणही तुकोबांच्या भाषेत अल्लाला हाक मारू शकतो, आणि तिच्यावर आपला हक्क आहे हे कुणाला पटवून देत बसायची गरज नाही. हा ‘हक्क’ शब्दसुद्धा अरबी आहे आणि मराठीही.