ध्वनिमुद्रणासाठी संगणकाची सिद्धता

ध्वनिमुद्रणासाठी संगणकाची सिद्धता म्हणजे वैयक्तिक संगणकाची यंत्रसामग्री, संचालन प्रणाली व जोडण्या यांत केलेले असे फेरफार, की ज्यांमुळे आवाज मध्ये खंड न पडता मुद्रित होतो आणि मुद्रित आवाज विकृतीविना ऐकता येतो. घरगुती गायन-वादन, व्याख्याने, ध्वनिपुस्तके आणि जुन्या ध्वनिफितींचे अंकीकरण अशा अनेक कामांत तिची गरज पडते. वेगवान संगणक घेतला म्हणजे प्रश्न सुटला, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः या कामात सरासरी वेगापेक्षा वेळ पाळण्याला अधिक महत्त्व असते. मजकूर टंकित करताना संगणक अर्धा सेकंद अडखळला तरी काही बिघडत नाही. मुद्रण चालू असताना तो त्याच्या अल्पांशानेही अडखळला, तर तेवढा आवाज कायमचा गमावला जाऊ शकतो. पुन्हा गाता येण्याजोग्या गीताबाबत हे नुकसान भरून निघते. झिजत चाललेल्या एकुलत्या एका फितीबाबत ते निघत नाही.

नमुने आणि बफर

मायक्रोफोनकडून येणारा विद्युत्‌संकेत ठरावीक अंतराने मोजून त्याचे आकड्यांत रूपांतर केले जाते. या प्रत्येक मापनास नमुना म्हणतात. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने व प्रत्येक नमुन्यास १६ बिट हे प्रमाण ठरले. नमुनादर ऐकू येणाऱ्या सर्वोच्च वारंवारतेच्या दुपटीहून अधिक असावा लागतो. मानवी श्रवणाची वरची मर्यादा सुमारे २० किलोहर्ट्झ असल्यामुळे हा दर ऐकण्यासाठी पुरेसा आहे. मुद्रणासाठी मात्र सध्या ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट ही निवड रूढ आहे. २४ बिटांचा खरा लाभ मोकळी जागा राखण्यात आहे: आवाजाची शिखरे शून्य डेसिबलच्या १२ डेसिबल खाली ठेवली, तरी सूक्ष्म ध्वनी गोंगाटात बुडत नाहीत. पातळी शून्याच्या वर गेल्यास शिखर कापले जाते आणि ते मूळ रूपात परत मिळवता येत नाही.

संगणक प्रत्येक नमुना स्वतंत्रपणे हाताळत नाही. नमुने बफर नावाच्या तात्पुरत्या साठ्यात जमा होतात व साठा भरला की एकदम उचलले जातात. ४८ किलोहर्ट्झला २५६ नमुन्यांचा बफर ५.३ मिलिसेकंदांत भरतो, १,०२४ नमुन्यांचा २१.३ मिलिसेकंदांत. तेवढ्या अवधीत प्रोसेसरने आधीचा साठा रिकामा केला नाही, तर नमुने वाया जातात आणि मुद्रणात टचकन आवाज किंवा लहानशी पोकळी उमटते. बफर मोठा ठेवावा तर प्रोसेसरला उसंत मिळते, परंतु गायकाचा आवाज त्याच्या हेडफोनपर्यंत उशिरा पोहोचतो. या उशिरास विलंब किंवा लेटन्सी म्हणतात. येण्याचा व जाण्याचा असे दोन्ही बफर, शिवाय रूपांतरकांचा वेळ मिळून तो बराच वाढतो. हवेत ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे १० मिलिसेकंदांचा विलंब साडेतीन मीटर दूरच्या वादकास ऐकण्यासारखा आहे. वादकाला तो चालतो. गायकाला स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतून तत्काळ ऐकू येत असल्याने त्याहून कमी विलंबही खटकतो.

कामानुसार बफर बदलणे हाच यावरचा मार्ग आहे. संगणकातून ऐकत गाताना तो ६४ ते २५६ नमुन्यांचा ठेवतात, संपादन करताना १,०२४ किंवा अधिक. फितीचे अंकीकरण करताना विलंबाचा काहीच उपद्रव नसतो, म्हणून तेथे सर्वांत मोठा बफरच योग्य. अनेक ऑडिओ इंटरफेसमध्ये मायक्रोफोनचा आवाज संगणकात न नेता थेट हेडफोनकडे पाठवण्याची सोय असते. ती वापरल्यास गायनाच्या मुद्रणातही मोठा बफर चालतो. ही सोय दुर्लक्षित राहते आणि लोक नवा प्रोसेसर विकत घेतात.

संचालन प्रणाली

विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांत सर्व आज्ञावलींचा आवाज एका सामाईक मिश्रकातून जाई व त्यात विलंब वाढे. तो टाळण्यासाठी जर्मनीतील स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये एएसआयओ ही पद्धत आणली. विंडोजवर व्यावसायिक मुद्रणासाठी ती आजही प्रचलित आहे. विंडोज व्हिस्टापासून वासापी ही अंगभूत व्यवस्था उपलब्ध झाली. मॅकओएसमध्ये कोअर ऑडिओ हेच काम करते. लिनक्सवर अल्सा, जॅक व अलीकडे पाइपवायर वापरले जातात. वेळेची काटेकोर हमी देणारे बदल २०२४ साली ६.१२ या आवृत्तीपासून मूळ लिनक्स कर्नलमध्ये समाविष्ट झाले.

विंडोज संगणकावर खंड पडण्याचे कारण बहुधा आवाजाशी संबंध नसलेल्या भागात सापडते. वाय-फाय, ग्राफिक्स कार्ड किंवा बॅटरी यांचे ड्रायव्हर काही वेळा प्रोसेसर काही मिलिसेकंद अडवून धरतात. तेवढ्यात बफर भरून वाहतो. प्रोसेसरचा वापर केवळ दहा टक्के दिसत असतानाही हे घडू शकते, कारण तो आकडा सरासरीचा असतो. लेटन्सीमॉन ही आज्ञावली काही मिनिटे चालवली, की दोषी ड्रायव्हरचे नाव कळते. मुद्रणाच्या वेळी वाय-फाय व ब्लूटूथ बंद ठेवणे, वीजव्यवस्थापनात सर्वाधिक कार्यक्षमतेचा पर्याय निवडणे, यूएसबी पोर्टची वीज आपोआप बंद होऊ न देणे आणि स्वयंचलित अद्ययावतीकरण थांबवणे हे उपाय बहुतेक वेळा पुरे पडतात. दृश्य सजावट बंद करण्यासारख्या जुन्या सूचनांचा आजच्या संगणकांवर फारसा उपयोग होत नाही.

संगणक आवाजात न विचारता करत असलेले बदल हा वेगळा धोका आहे. ध्वनिसुधारणा, आपोआप पातळी वाढवणे, गोंगाट दडपणे ही साधने दूरध्वनी संभाषणासाठी बनवलेली असतात. सतत एकसारखा चालणारा आवाज त्यांना गोंगाट वाटतो. तानपुऱ्याचा षड्जही त्यांच्या तडाख्यात सापडतो. संगीताच्या मुद्रणापूर्वी ती सर्व बंद करावी लागतात.

जोडण्या व खोली

मदरबोर्डवरील ध्वनिमंडलाला लगतच्या विद्युत्‌मंडलांचा उपद्रव पोहोचतो; म्हणून यूएसबीने जोडलेला बाह्य ऑडिओ इंटरफेस इष्ट. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने मुद्रणात येणारी घरघर त्याच वारंवारतेची व तिच्या पटींची असते. लॅपटॉपचा चार्जर काढताच ती थांबली, तर भूजोडणीचे वेटोळे तयार झाले आहे असे समजावे. सर्व उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेणे, संतुलित केबल वापरणे किंवा विलगक ट्रान्सफॉर्मर बसवणे हे त्यावरील उपाय होत. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सर्रास सुचवला जाणारा उपाय जिवावर बेतू शकतो.

यूएसबी २.० केबल पाच मीटरपेक्षा लांब चालत नाही. संतुलित मायक्रोफोन केबल त्याच्या कित्येक पट लांब चालते. त्यामुळे गोंगाट करणारा संगणक शेजारच्या खोलीत ठेवून मायक्रोफोनची केबल लांब घेणे सोयीचे. छतावरचा पंखा मुद्रणापुरता बंद ठेवावाच लागतो.

श्रवण

ऐकण्यासाठी विलंबाची अट नसते, म्हणून साधा संगणकही पुरतो. महत्त्वाचे एवढेच, की फाइलचा नमुनादर व प्रणालीत निवडलेला दर जुळावा. ते भिन्न असल्यास विंडोजचा सामाईक मिश्रक प्रत्येक नमुना नव्याने मोजतो. वासापीच्या अनन्य पद्धतीत हे टळते. महागड्या यूएसबी केबलमुळे स्वर खुलतो, या जाहिरातींच्या दाव्यात तथ्य नाही: योग्य बनावटीची साधी केबल तेच आकडे पोहोचवते. तोच पैसा स्पीकर व खोलीच्या ध्वनिशोषणावर खर्चल्यास फरक कानाला जाणवतो.

साठवण व अंकीकरण

४८ किलोहर्ट्झ व २४ बिटांच्या दुपदरी मुद्रणास तासाला सुमारे एक गिगाबाइट जागा लागते. असे १६ पदर एकाच वेळी मुद्रित केले तरी सेकंदाला केवळ २.३ मेगाबाइट लिहावे लागतात. त्यामुळे डिस्कचा वेग आता अडसर राहिलेला नाही. एसएसडी पसंत केली जाते ती मुख्यतः तिच्या नीरवतेमुळे.

ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना आयएएसए जुन्या फितींसाठी किमान ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट सुचवते. कीर्तने, नाट्यसंगीत किंवा घरातील वडीलधाऱ्यांचे बोलणे असलेल्या कॅसेटी प्रत्येक वादनागणिक झिजतात, क्वचित यंत्रात गुरफटून तुटतातही. म्हणून संगणकाची चाचणी आधी बिनमहत्त्वाच्या कॅसेटवर घेतली जाते: पूर्ण बाजू मुद्रित करून खंड पडतो का, हे तपासतात. ऑडॅसिटी या मुक्त आज्ञावलीत असे खंड ओळखून त्या जागी खूण करण्याची सोय आहे. फितीतील खरखर मुद्रणाच्या वेळी गाळत नाहीत. मूळ फाइल तशीच राखून सफाई तिच्या प्रतीवर करतात, कारण खरखर काढण्याची साधने वर्षागणिक सुधारत आहेत. जतनासाठी वेव्ह किंवा माहिती न गमावता आकार घटवणारे फ्लॅक स्वरूप वापरतात. एमपी३ मध्ये गाळलेला अंश परत मिळत नाही. साध्या वेव्ह फाइलची मर्यादा ४ गिगाबाइट असून ९६ किलोहर्ट्झ व २४ बिटांच्या दुपदरी मुद्रणात ती दोन तासांनंतर लगेच ओलांडली जाते. दीर्घ मैफलीसाठी आरएफ६४ स्वरूप निवडावे लागते किंवा मध्यंतरात नवी फाइल सुरू करावी लागते.