कर्ल (सॉफ्टवेअर)

कर्ल हे इंटरनेटवरील पत्त्यांवरून माहिती आणण्यासाठी व त्या पत्त्यांवर माहिती पाठवण्यासाठी वापरले जाणारे मुक्त स्रोत कमांड लाइन सॉफ्टवेअर आहे. याच प्रकल्पात लिबकर्ल ही लायब्ररीही विकसित केली जाते. स्वीडिश प्रोग्रामर डॅनियल स्टेनबर्ग हे या प्रकल्पाचे संस्थापक व प्रमुख विकासक आहेत. लिनक्स, विंडोज व मॅकओएस यांखेरीज एआयएक्स, ओपनव्हीएमएस आणि अमिगाओएस यांसारख्या कमी वापरातल्या ऑपरेटिंग सिस्टिमवरही कर्ल चालते. एकच सोर्स कोड इतक्या ठिकाणी नेण्यामागे पॅकेजिंग व प्रकाशनाची मोठी व्यवस्था आहे. सॉफ्टवेअरच्या वैशिष्ट्यांपेक्षा या व्यवस्थेची चर्चा कमी होते.

इतिहास

१९९६ मध्ये स्टेनबर्ग यांना आयआरसी या गप्पांच्या सेवेवरील एका बॉटसाठी चलनांचे विनिमय दर आपोआप मिळवायचे होते. त्यासाठी त्यांनी ब्राझीलमधील राफाएल सागुला यांनी लिहिलेला एचटीटीपीगेट हा छोटा प्रोग्राम घेऊन त्यात सुधारणा केल्या. इतर प्रोटोकॉलांची भर पडल्यावर १९९७ मध्ये त्याचे नाव यूआरएलगेट झाले. माहिती पाठवण्याची सोयही आल्यावर हे नाव अपुरे पडू लागले आणि २० मार्च १९९८ रोजी तो कर्ल या नावाने प्रसिद्ध झाला. आवृत्त्यांचे जुने क्रमांक पुढे चालू ठेवल्यामुळे कर्ल या नावाची पहिली आवृत्ती ४ क्रमांकाची आहे. ऑगस्ट २००० मधील ७.१ या आवृत्तीपासून लिबकर्ल उपलब्ध झाली. सुरुवातीचा जीपीएल परवाना बदलत जाऊन पुढे एमआयटी परवान्यावर आधारित असा सैल परवाना स्वीकारण्यात आला. त्यामुळे व्यावसायिक उत्पादनांत लिबकर्ल वापरणे सोपे झाले. या कार्यासाठी स्टेनबर्ग यांना २०१७ मध्ये स्वीडनचा पोल्हेम पुरस्कार मिळाला.

प्रकाशनाची पद्धत

नवी आवृत्ती साधारणपणे दर आठ आठवड्यांनी, बुधवारी प्रसिद्ध होते. प्रकाशनानंतरचे काही दिवस नवे बदल थांबवून ताज्या आवृत्तीत गंभीर दोष निघतो का याची वाट पाहिली जाते. मग सुमारे तीन आठवडे नवी वैशिष्ट्ये स्वीकारली जातात व उरलेल्या काळात केवळ दोषदुरुस्ती होते. एवढी काळजी घेऊनही गफलत होतेच. प्रकल्पाच्या पंचविसाव्या वाढदिवशी, २० मार्च २०२३ रोजी, ८.०.० ही आवृत्ती समारंभपूर्वक प्रसिद्ध झाली आणि ती बंद पडण्यास कारण ठरणारा दोष आढळल्यामुळे त्याच दिवशी ८.०.१ काढावी लागली.

प्रकल्पाचे अधिकृत प्रकाशन म्हणजे सोर्स कोडचा संक्षिप्त संग्रह, अर्थात टारबॉल. त्यावर स्टेनबर्ग यांची डिजिटल स्वाक्षरी असते. कोड सी भाषेच्या सी८९ या जुन्या प्रमाणानुसार लिहिला जातो. जुन्या कंपायलरवरही तो कंपाइल व्हावा, हा त्यामागील हेतू होय. टारबॉलमध्ये विकासकांनी हाताने लिहिलेल्या फाइलींबरोबर 'कॉन्फिगर' ही यंत्रनिर्मित स्क्रिप्टही असते. ती त्या त्या संगणकावर काय उपलब्ध आहे हे तपासून कंपाइल करण्याची तयारी करते.

हाच यंत्रनिर्मित भाग संशयाची जागा ठरू शकतो, हे मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या दुसऱ्या प्रकल्पात उघड झाले. तेथे छुपा प्रवेशमार्ग चालू करणारा दुवा सार्वजनिक कोडभांडारात नव्हता, तो फक्त टारबॉलमध्ये घातलेला होता. कोडभांडार कितीही बारकाईने वाचले तरी तो सापडला नसता. त्याच वर्षी कर्लने आपले टारबॉल पुनर्निर्मितीक्षम केले. कोणीही तीच साधने वापरून कोडभांडारातून टारबॉल पुन्हा तयार करू शकतो आणि तो अधिकृत टारबॉलशी तंतोतंत जुळतो का हे पाहू शकतो. स्वाक्षरीवरून टारबॉल कोणी दिला एवढेच कळते. त्यात काय आहे याची खात्री या पद्धतीने करता येते.

वितरण आणि पॅकेजिंग

बहुतेक वापरकर्त्यांच्या हाती पडणारे कर्ल प्रकल्पाने स्वतः तयार केलेले नसते. लिनक्स वितरणांचे स्वयंसेवक, ॲपल व मायक्रोसॉफ्ट आपापल्या गरजेप्रमाणे ते कंपाइल करतात. एन्क्रिप्शनसाठी कोणती लायब्ररी जोडायची आणि कोणते प्रोटोकॉल चालू ठेवायचे हे त्या वेळी ठरते. डेबियनमध्ये लिबकर्ल ओपनएसएसएल व जीएनयूटीएलएस अशा दोन्ही रूपांत मिळते, तर विंडोजमधील कर्ल त्या सिस्टिमच्याच एसचॅनलवर चालते. म्हणून एकाच क्रमांकाची दोन कर्ल वेगळी वागू शकतात. आवृत्ती विचारली असता कर्ल केवळ क्रमांक न देता जोडलेल्या लायब्ररींची व प्रोटोकॉलांची यादीही दाखवते, ती याच कारणासाठी.

या फरकाचे परिणाम कधी सुरक्षेपर्यंत पोहोचतात. वापरकर्त्याने फक्त ठरावीक प्रमाणपत्रांवर विश्वास ठेवण्यास सांगितले, तरी ॲपलने दिलेले कर्ल सिस्टिमच्या प्रमाणपत्रसंचाचाही आधार घेते, असे २०२३ च्या अखेरीस निदर्शनास आले. हे वर्तन हेतुपुरस्सर असल्याचे ॲपलने कळवले. दस्तऐवजात सांगितलेल्या वर्तनाशी ते विसंगत असल्याचे कर्ल प्रकल्पाचे मत आहे. मूळ कोडमध्ये दोष नसल्याने प्रकल्पाला दुरुस्त करण्यासारखे मात्र काही नव्हते.

विंडोज १० मध्ये कर्लचा समावेश २०१८ मधील १८०३ या आवृत्तीपासून झाला. त्याआधीपासून विंडोज पॉवरशेलमध्ये 'कर्ल' हे नाव एका वेगळ्याच आज्ञेला पर्यायी नाव म्हणून दिलेले होते व तिला कर्लचे पर्याय समजत नसत. मायक्रोसॉफ्टच्या नंतरच्या, अनेक सिस्टिमवर चालणाऱ्या पॉवरशेलमधून ते काढण्यात आले. जुन्या विंडोज पॉवरशेलमध्ये ते अद्याप आहे. २०२३ च्या प्रारंभी सुरक्षा तपासणी करणारी साधने विंडोजमधील कर्ल जुने असल्याची सूचना देऊ लागली. संबंधित त्रुटी कर्लच्या विकासकांनी कमी गंभीर ठरवलेली होती, तरी अनेकांनी ती फाइलच हटवली किंवा बदलली. सिस्टिमचा भाग असलेली फाइल अशी काढल्याने विंडोजच्या अद्ययावतीकरणात अडथळे आले. नवे कर्ल प्रसिद्ध होणे आणि ते सिस्टिमच्या निर्मात्याने वापरकर्त्यापर्यंत पोहोचवणे यांत काही महिन्यांचे अंतर पडू शकते व त्यावर कर्लच्या विकासकांचे नियंत्रण नसते.

सुरक्षा त्रुटींची हाताळणी

गंभीर त्रुटीच्या वेळी हे अंतर शक्य तितके कमी करावे लागते. सॉक्स५ प्रॉक्सीशी जोडताना २५५ बाइटपेक्षा लांब यजमाननाव आल्यास स्मृतीतील राखीव जागेबाहेर लेखन होऊ शकते, असा दोष २०२३ मध्ये सापडला. तो २०२० च्या ७.६९.० या आवृत्तीपासून कोडमध्ये होता. स्टेनबर्ग यांनी चालू प्रकाशनचक्र आखूड केले, ८.४.० ची तारीख आठवडाभर आधी जाहीर केली आणि तपशील मात्र गुप्त ठेवला. लिनक्स वितरणांना दुरुस्ती आगाऊ देण्यात आली, जेणेकरून ११ ऑक्टोबर रोजी तपशील खुला होताच त्यांची पॅकेजे तयार असावीत.

लिबकर्लची सुसंगतता

नवी आवृत्ती बसवल्याने जुने सॉफ्टवेअर मोडणार असेल, तर सुरक्षेची दुरुस्तीही लोक टाळतात. त्यामुळे लिबकर्लचा द्विमान स्तरावरील आंतरपृष्ठ स्थिर ठेवण्यावर प्रकल्पाचा कटाक्ष आहे. त्यात सुसंगतता मोडणारा शेवटचा बदल ऑक्टोबर २००६ मधील ७.१६.० या आवृत्तीत झाला. २०२३ मध्ये मुख्य क्रमांक ७ वरून ८ झाला, तो प्रामुख्याने वर्धापनदिनानिमित्त आणि ७.१०० असा गैरसोयीचा क्रमांक टाळण्यासाठी. जुन्या लिबकर्लशी जोडलेले प्रोग्राम त्यानंतरही पुन्हा कंपाइल न करता चालत राहिले.